सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणजे एंडोमेट्रिऑसिस नाही, असे म्हणता येते का?

सोनचाफा (धागाकर्ती)

माझी धाकटी बहीण एकोणतीस वर्षांची आहे. पाळीचे पहिले दोन दिवस ती पोटाशी उशी घट्ट धरून अंथरुणावर पडून असते, हे आम्ही ती नववीत असल्यापासून पाहत आलो आहोत. गेल्या चार वर्षांत त्यात दोन गोष्टींची भर पडली. पाळीच्या दिवसांत शौचाला बसल्यावर तिला गुदद्वाराच्या आत सुरी फिरवल्यासारखी कळ येते, आणि लग्नानंतर संबंधांच्या वेळी खूप आत दुखते. या चार वर्षांत तिच्या तीन सोनोग्राफी झाल्या, दोन पोटावरून आणि एक आतून, म्हणजे योनीमार्गातून. तिन्ही रिपोर्ट माझ्यासमोर आहेत आणि तिन्हींचा मजकूर जवळपास सारखाच आहे : गर्भाशयाचा आकार सामान्य, दोन्ही अंडाशयांचा आकार सामान्य, गाठ नाही, ओटीपोटात पाणी नाही.

प्रत्येक वेळी रिपोर्ट पाहून आम्हाला सांगण्यात आले की आत काहीही नाही, पाळीत थोडे दुखायचेच, ताण कमी करा. गेल्या महिन्यात ज्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई भेटल्या त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. शौचाच्या वेळची कळ फक्त पाळीतच येते की इतर दिवशीही, हा प्रश्न चार वर्षांत पहिल्यांदाच कोणी तरी विचारला. फक्त पाळीत, हे उत्तर ऐकल्यावर त्यांनी एंडोमेट्रिऑसिसची दाट शंका व्यक्त केली.

माझा प्रश्न असा आहे, की हा आजार असेल तर तीन सोनोग्राफींमध्ये तो दिसला कसा नाही? सोनोग्राफीवर कितपत विसंबावे? आता पुन्हा सोनोग्राफी करण्याला अर्थ आहे, की थेट दुर्बिणीने आत पाहणेच योग्य? ज्यांना अनुभव किंवा माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

केतकीबन

सोनचाफा, तुमच्या बहिणीचा त्रास वाचून फार वाईट वाटले. माझा अनुभव मात्र उलट आहे. माझी डावीकडची साडेचार सेंटीमीटरची चॉकलेट सिस्ट पहिल्याच सोनोग्राफीत दिसली, रिपोर्टमध्ये एंडोमेट्रिओमा असे स्पष्ट लिहिले होते आणि शस्त्रक्रियेनंतर तेच निदान कायम राहिले. त्यामुळे सोनोग्राफीत हा आजार कळत नाही, हे मला तरी पटत नाही.

क्ष_छाया

मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि गेली सतरा वर्षे नाशिक परिसरात काम करतो. केतकीबन आणि सोनचाफा यांचे अनुभव परस्परविरोधी वाटतात. पण दोन्ही खरे आहेत, कारण दोघींच्या बाबतीत प्रश्न एकाच आजाराच्या वेगवेगळ्या रूपांचा आहे.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर रुजते, तेव्हा त्याला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. ते कुठे रुजले आणि किती खोल गेले, यावर ते सोनोग्राफीत दिसणार की नाही हे ठरते. अंडाशयात रुजले तर तिथे जुने, दाट रक्त साठून गाठ होते, तीच चॉकलेट सिस्ट. पडद्यावर तिचा आतला भाग दुधी काचेसारखा एकसारखा करडा दिसतो आणि एकदा पाहिलेला डोळा ते चित्र सहसा विसरत नाही. दुसरे रूप खोलवर गेलेल्या आजाराचे. यात पोटाच्या आतल्या आवरणाखाली, म्हणजे पेरिटोनियमखाली, पाच मिलिमीटरहून खोल तंतुमय गाठी तयार होतात. त्या गर्भाशयामागच्या बंधांत, आतड्याच्या भिंतीत, योनीच्या मागच्या बाजूला किंवा मूत्राशयात असतात. तिसरे रूप पृष्ठभागावरचे, आवरणावर विखुरलेले काही मिलिमीटरचे ठिपके. हे ठिपके नेहमीच्या सोनोग्राफीत जवळजवळ दिसतच नाहीत, आणि त्यात यंत्राचा किंवा तपासणाऱ्याचा दोषही नसतो.

आकड्यांत सांगायचे तर २०१६ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. आतून केलेल्या सोनोग्राफीची संवेदनशीलता चॉकलेट सिस्टसाठी ९३ टक्के आणि विशिष्टता ९६ टक्के आढळली. खोल आजारासाठी हेच आकडे ७९ आणि ९४ होते. ओटीपोटातला कोणत्याही प्रकारचा एंडोमेट्रिऑसिस एकत्र धरला, तर संवेदनशीलता ६५ टक्क्यांवर येते आणि विशिष्टता ९५ टक्के राहते.

खोल आजारातही जागेनुसार मोठा फरक पडतो. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातली गाठ तज्ज्ञ हातांत सुमारे ९१ टक्के वेळा सापडते. गर्भाशयामागच्या बंधांतली गाठ मात्र ५३ टक्के, मूत्राशयातली ६२ टक्के आणि योनी व गुदाशय यांच्यामधल्या पडद्यातली ४९ टक्के वेळाच सापडल्याचे एकत्रित अभ्यास सांगतात. या सर्व ठिकाणी विशिष्टता ९३ टक्के किंवा त्याहून अधिक आहे. याचा अर्थ असा, की अनुभवी व्यक्तीने गाठ आहे असे म्हटले तर ते बहुतेक वेळा खरे निघते. पण काही दिसले नाही, या उत्तरावर तेवढाच भरवसा ठेवता येत नाही.

अनुमान

मी संख्याशास्त्र शिकवतो. वैद्यकीय बाबतीत मला अधिकार नाही, परंतु वर आलेल्या दोन शब्दांबाबत वाचकांचा घोटाळा होऊ नये म्हणून लिहितो. संवेदनशीलता म्हणजे आजार असलेल्या शंभर जणींपैकी किती जणींत तपासणीने तो पकडला, आणि विशिष्टता म्हणजे आजार नसलेल्या शंभर जणींपैकी किती जणींना तपासणीने बरोबर मोकळे सोडले.

आता क्ष_छाया यांनी दिलेले शेवटचे दोन आकडे घ्या आणि अशा दोनशे स्त्रिया डोळ्यांसमोर आणा ज्यांपैकी शंभर जणींना हा आजार खरोखर आहे आणि शंभर जणींना नाही. आजार असलेल्यांपैकी ६५ जणी सापडतील आणि ३५ निसटतील. आजार नसलेल्यांपैकी ९५ जणींचा रिपोर्ट बरोबर येईल आणि पाच जणींना आजार नसतानाही तो आहे असे सांगितले जाईल. म्हणजे आजार दिसला असा रिपोर्ट एकूण ७० जणींना मिळेल आणि त्यांतल्या ६५ जणींबाबत तो खरा असेल. नॉर्मल रिपोर्ट मात्र १३० जणींच्या हातात पडेल, आणि त्यांतल्या ३५ जणींना, म्हणजे साधारण चौघींमागे एकीला, प्रत्यक्षात आजार असेल. ज्या गटात आजाराचे प्रमाण याहून कमी किंवा जास्त असेल तिथे हे गुणोत्तर बदलेल. पण सोनचाफा यांच्या बहिणीसारखी लक्षणे असणाऱ्या स्त्रियांत ते कमी असण्याची शक्यता मला दिसत नाही. अशा स्त्रीला केवळ कागद पाहून आत काहीही नाही असे सांगणे हिशेबात बसत नाही.

तिन्हीसांज

विशिष्टता शंभर टक्के नसल्याचा फटका मला बसला आहे, म्हणून दुसरी बाजूही नोंदवते. मला ऐन पाळीच्या तोंडावर केलेल्या सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट असल्याचे सांगून आठ दिवसांत शस्त्रक्रियेची तारीख दिली होती. मोठ्या जावेच्या आग्रहामुळे मी दुसरीकडे दाखवले. तिथल्या डॉक्टरांनी दोन पाळ्या जाऊ देऊन पुन्हा तपासणी केली, तेव्हा गाठ पूर्ण विरून गेली होती. ती बीज बाहेर पडल्यानंतर आत रक्त साठून झालेली तात्पुरती गाठ होती. शस्त्रक्रिया झाली असती तर अंडाशयाचा चांगला भागही गेला असता, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

क्ष_छाया

तिन्हीसांज यांनी अगदी योग्य मुद्दा मांडला. रक्त साठलेली तात्पुरती गाठ आणि चॉकलेट सिस्ट यांत गल्लत होऊ शकते. फरक काळ सांगतो, कारण पहिली काही आठवड्यांत आकसते आणि दुसरी तशीच राहते. त्यामुळे शंका असेल तर सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा पाहावे. घाई करण्याचे कारण बहुतेक वेळा नसते.

सोनचाफा यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्ही रिपोर्टचा जो मजकूर दिला आहे त्यातले प्रत्येक वाक्य खरे असू शकते आणि तरीही आजार आत असू शकतो. गर्भाशयाचा आकार, अंडाशयांचा आकार, गाठ, पाणी, एवढीच नोंद त्यात आहे. अंडाशय हलतो का, आतडे गर्भाशयावरून सरकते का, मागचे बंध जाड झाले आहेत का, यांबद्दल त्यात एक शब्दही नाही, कारण तसे कोणी विचारलेच नव्हते. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा ‘पोटदुखी, सोनोग्राफी करावी’ एवढेच असते.

या आजारासाठीची सोनोग्राफी वेगळ्या पद्धतीने करावी लागते. २०१६ मध्ये आयडिया नावाच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने तिचे चार टप्पे सुचवले. आधी गर्भाशय आणि अंडाशय नीट पाहायचे, चॉकलेट सिस्ट आणि गर्भाशयाच्या स्नायूतला ॲडिनोमायोसिस शोधायचा. मग प्रोबच्या, म्हणजे आत घालायच्या सोनोग्राफीच्या दांडीच्या, टोकाने हलकेच दाब देत नेमके कुठे दुखते ते रुग्णालाच विचारायचे आणि अंडाशय मोकळा हलतो की चिकटला आहे ते पाहायचे. त्यानंतर सरकण्याची खूण, जिला आम्ही स्लायडिंग साइन म्हणतो. शेवटी पुढच्या आणि मागच्या कप्प्यांत प्रत्यक्ष गाठी शोधायच्या.

यातली सरकण्याची खूण मला सर्वांत मोलाची वाटते. प्रोबने गर्भाशयाचे मुख हळुवार ढकलायचे आणि एक हात बाहेरून पोटावर ठेवायचा. निरोगी ओटीपोटात गर्भाशयाच्या मागच्या भिंतीवरून आतडे असे सहज सरकते, जसे पोलक्याच्या कापडावरून आतले सुटे अस्तर सरकावे. चिकटले असेल तर अस्तर कापडाला शिवून टाकल्यासारखे दोन्ही एकत्र हलतात. हे थांबलेल्या चित्रात कधीच दिसत नाही, त्यामुळे रिपोर्टला जोडलेले चार फोटो पाहून कोणालाही ते सांगता येणार नाही. ज्याने तपासणी केली त्यानेच ते पाहून लिहायला हवे.

वेळेचाही प्रश्न आहे. नेहमीची ओटीपोटाची सोनोग्राफी माझ्याकडे आठ-दहा मिनिटांत होते आणि ही तपासणी नीट करायला मला अर्धा तास लागतो. मी स्वतः सुरुवातीची दहा वर्षे अशी तपासणी करत नव्हतो, कारण मला ती कोणी शिकवलीच नव्हती. शिकल्यानंतर जुन्या रुग्णांपैकी दोघींना मी पुन्हा बोलावून तपासले आणि दोघींच्याही आतड्याजवळ गाठी होत्या. त्यांना पूर्वी दिलेले नॉर्मल रिपोर्ट माझ्याच सहीचे होते आणि ते मला अजून टोचतात.

पाणवठा

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, लग्न झालेले नाही. तिला हाच त्रास आहे. आतून सोनोग्राफी करणार नाही असे आमच्या गावातल्या केंद्राने सांगितले, आणि खरे तर आमचीही मनाची तयारी नव्हती. मग अशा मुलींनी काय करायचे? पोटावरून केलेली सोनोग्राफी पुरेशी असते का?

क्ष_छाया

पाणवठाताई, पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत मोठी चॉकलेट सिस्ट दिसू शकते. मात्र मागच्या कप्प्यातल्या गाठी आणि चिकटलेले आतडे तिथून बहुधा दिसत नाहीत, कारण अंतर जास्त असते आणि मध्ये आतड्यातली हवा येते. तुमच्या मुलीचा पोटावरून केलेला रिपोर्ट नॉर्मल आला, तर त्यावरून आजार नाही असे मानू नये. गुदद्वारातून सोनोग्राफी करणे हा एक पर्याय आहे. ऐकायला तो अवघड वाटतो, पण बारीक प्रोबने आणि मुलीला नीट समजावून केल्यास मागचा भाग चांगला दिसतो. दुसरा पर्याय एमआरआयचा, त्यात प्रोबचा प्रश्नच येत नाही. कोणती तपासणी करायची याचा निर्णय तुमच्या मुलीला विचारून घ्यावा, ती सज्ञान आहे. आणि आतून तपासणी करावी की नाही हे लग्नावरून ठरू नये, त्या व्यक्तीच्या संमतीवरून ठरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दूरदेशी

मी इंग्लंडमध्ये लीड्स येथे राहते. इथल्या नाइस या संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक सूचना माझ्या डॉक्टरांनी मला दाखवली होती. शारीरिक तपासणी, सोनोग्राफी किंवा एमआरआय नॉर्मल आले तरी एंडोमेट्रिऑसिसची शक्यता निकालात काढू नये आणि लक्षणे कायम असतील तर रुग्णाला पुढे तज्ज्ञांकडे पाठवावे, असे त्यात म्हटले आहे. सूचना असूनही मला स्वतःला निदान मिळायला सहा वर्षे लागली, त्यामुळे कागदावर लिहिले की सर्व सुरळीत होते असे नाही. तरीही त्या एका वाक्याचा मला आधार झाला. डॉक्टरांसमोर बसल्यावर आपण उगाच कुरकुर करत आहोत असे वाटेनासे झाले.

टाका_धागा

मी स्त्रीरोग शल्यचिकित्सक आहे. थेट दुर्बिणीने पाहावे का, या प्रश्नाला उत्तर देतो. आम्ही शिकत होतो तेव्हा लॅप्रोस्कोपी करून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय या आजाराचे निदान पक्के मानले जात नसे. २०२२ मध्ये युरोपातल्या एश्रे या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत ही भूमिका बदलली. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये आजार दिसत असेल तर केवळ निदानासाठी शस्त्रक्रिया करण्याची गरज नाही. तपासण्यांत काही दिसत नसेल किंवा औषधांचा उपयोग झाला नसेल, तेव्हा लॅप्रोस्कोपीचा विचार करावा. सीए-१२५ या रक्ततपासणीवरून निदान करू नये, असेही त्यात म्हटले आहे, कारण इतर अनेक कारणांनी तो आकडा वाढतो आणि आजार असूनही तो सामान्य राहू शकतो.

शल्यचिकित्सक म्हणून माझा आग्रह चांगल्या सोनोग्राफीचाच आहे आणि त्याचे कारण व्यवहाराचे आहे. आत काय आहे याचा नकाशा हातात नसताना मी दुर्बीण घातली आणि आतड्यात गाठ निघाली, तर मला आतड्याचे शल्यचिकित्सक ऐन वेळी कुठून मिळणार? मग पोट तसेच बंद करून रुग्णाला पुन्हा भूल द्यावी लागते. गाठ किती लांब, भिंतीत किती खोल, गुदद्वारापासून किती अंतरावर, हे आधी कळले तर योग्य माणसे एका दिवशी एका टेबलापाशी आणता येतात. लॅप्रोस्कोपीही सर्व काही दाखवते असे समजू नये. चिकटलेल्या आतड्यामागची खोल गाठ वरून पाहणाऱ्याच्या नजरेआड राहू शकते.

एका बाबतीत क्ष_छाया यांच्यापेक्षा माझे मत थोडे वेगळे आहे. खोल आजाराची दाट शंका असेल तर मी एमआरआयही करून घेतो. त्यांनी सांगितलेल्या कोक्रेनच्या आढाव्यातच खोल आजारासाठी एमआरआयची संवेदनशीलता ९४ टक्के होती.

क्ष_छाया

टाका_धागा यांचा आकडा बरोबर आहे, पण त्याच ओळीत एमआरआयची विशिष्टता ७७ टक्के होती, म्हणजे नसलेला आजार दिसण्याचे प्रमाणही अधिक होते. शिवाय एमआरआय झोपलेल्या, स्थिर शरीराचे चित्र देतो. कुठे दाबल्यावर दुखले आणि काय सरकले नाही, हे तो सांगत नाही. दोन्ही तपासण्या एकमेकींना पूरक आहेत हे मला मान्य आहे. मात्र एमआरआयचा खर्च सर्वांना परवडत नाही आणि तालुक्याच्या ठिकाणी तो उपलब्ध नसतो. सोनोग्राफीचे यंत्र तिथे असते, उणीव शिकलेल्या हातांची आहे. ही तपासणी शिकण्यासाठी देखरेखीखाली चाळीसएक रुग्ण तपासावे लागतात असे प्रशिक्षणाविषयीच्या अभ्यासांत दिसले आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्याला वर्षभरात एवढे शक्य आहे.

सोनचाफाताई, पुन्हा सोनोग्राफी कराल तेव्हा दोन गोष्टी कराव्यात. तुमच्या डॉक्टर बाईंकडून चिठ्ठीवर ‘खोल एंडोमेट्रिऑसिसची शंका, पाळीत शौचाच्या वेळी वेदना’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. आणि त्या केंद्रात सरकण्याची खूण व आतड्याची भिंत पाहतात का, हे फोनवर आधीच विचारावे. दोन्ही मूत्रपिंडेही पाहायला सांगावे. खोल आजार मूत्रवाहिनीला दाबत असेल तर कोणतेही दुखणे न होता मूत्रपिंड हळूहळू निकामी होऊ शकते.

केतकीबन

मी सुरुवातीला जे लिहिले त्यात दुरुस्ती करते. हा धागा वाचून मी माझा जुना रिपोर्ट काढून पाहिला. त्यात सिस्टचे माप आहे, पण गर्भाशयामागच्या भागाबद्दल काहीच नाही. शस्त्रक्रियेनंतरही माझी कंबरदुखी गेलेली नाही. सिस्ट असलेल्या स्त्रीच्या मागच्या कप्प्यातही आजार असू शकतो का?

टाका_धागा

होय, असू शकतो. चॉकलेट सिस्ट अनेकदा एकटी नसते. ती दिसली की मागचा कप्पा आवर्जून पाहावा, कारण तिथे खोल आजार असण्याची शक्यता वाढलेली असते. कंबरदुखीला इतरही कारणे असतात. तरीही तुम्ही ही तपासणी करून घ्यावी.

सोनचाफा (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण मधल्या काळात आम्ही सातजणांना फोन केले. सरकण्याची खूण म्हणजे काय, हे पाच ठिकाणी फोन घेणाऱ्यांना कळले नाही, सहाव्या ठिकाणी हो म्हणाले पण दोन महिन्यांनंतरची वेळ देत होते. सातव्या ठिकाणी मंगळवारी तपासणी झाली. बहिणीच्या आग्रहावरून मलाही आत बसू दिले.

तपासणीला पस्तीस मिनिटे लागली. डॉक्टर प्रत्येक जागी थांबून विचारत होत्या, इथे दुखते का, हेच ते दुखणे का? एका जागी दाब पडताच बहिणीने माझा हात गच्च धरला आणि म्हणाली, “हेच ते.” मग त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. गर्भाशय हलत होते आणि त्यामागचा आतड्याचा काळसर पट्टा त्याच्याबरोबर जसाच्या तसा हलत होता, तसूभरही सरकत नव्हता. क्ष_छाया यांनी लिहिलेले शिवलेले अस्तर मला तिथे प्रत्यक्ष दिसले.

रिपोर्टमध्ये असे आहे : डावा अंडाशय आकाराने सामान्य, पण गर्भाशयाच्या मागे चिकटलेला. सरकण्याची खूण नाही. आतड्याच्या भिंतीत अठरा मिलिमीटर लांबीची गाठ. डावा बंध जाड. दोन्ही मूत्रपिंडे चांगली. अंडाशय आकाराने सामान्य, हे वाक्य जुन्या तिन्ही रिपोर्टांतही होते. ते खरेच होते, हे आता कळते.

बहीण बाहेर येऊन बाकावर बसली आणि रडली. मी तिला धीर देऊ लागले तर म्हणाली, “ताई, गाठ आहे म्हणून रडत नाही. इतकी वर्षे मी खोटे बोलत नव्हते, म्हणून रडतेय.”

डॉक्टर बाईंनी रिपोर्ट पाहून सध्या डायनोजेस्ट या संप्रेरकाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. सहा महिन्यांनी त्याच केंद्रात, त्याच डॉक्टरांकडे पुन्हा सोनोग्राफी करून गाठीचे माप ताडून पाहायचे आहे. मूल हवे की नको आणि कधी, याचा विचार झाल्यावर शस्त्रक्रियेबद्दल बोलायचे ठरले आहे, आणि त्या बैठकीला आतड्याचे शल्यचिकित्सकही असतील. सरकण्याच्या खुणेचे चित्रीकरण आम्ही पेनड्राइव्हवर मागून घेतले आहे. पाणवठाताई, तुमच्या मुलीसाठी त्या केंद्राची माहिती हवी असल्यास मला संपर्कातून विचारावे, तिथे गुदद्वारातून सोनोग्राफीही होते असे त्यांनी सांगितले आहे.